प्रायोगिक शुभेच्छा

आमच्या झाडीपट्टीत भाचा कितीही लहान असला तरी मामानं त्याच्या पाया पडायचं असतं. ज्याच्या पायाला हात लावला त्यानं दिलेली वस्तू 'कशाला उगाच खर्च केलास' म्हणून परत करता येत नाही. ती प्रसादात जमा होते. त्यामुळे गेल्या दिवाळीला अमेरिकेहून आलेल्या भाच्यानं नागभीडच्या घरी ओसरीवर बसून बॅगेतून एक चपटा खोका काढला, तेव्हा मी तो आधी कपाळाला लावला आणि मग उघडला. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं.

खोक्यात बारा ग्रीटिंग कार्डं होती. प्रत्येकावर एक जुना, काळापांढरा फोटो. पहिल्या कार्डावर अंड्याला पंख फुटावेत तसं काहीतरी आकड्याला लोंबत होतं. दुसऱ्यावर उपडी घातलेली परात, आणि त्या परातीला भोक पाडून आत बसवलेला एक माणूस. तिसऱ्यावर एक विमान चक्क शेपटीवर उभं होतं, तोंड आभाळाकडं करून.

"मामा, ही सगळी प्रायोगिक लष्करी विमानं," भाचा म्हणाला. "करून पाहिली आणि सोडून दिली. आमच्या डेटनला हवाई दलाचं मोठं संग्रहालय आहे, यातली काही तिथंच ठेवलीयत. तुम्हाला पत्रं लिहायला आवडतं ना, म्हणून आणली."

"आत काय लिहिलंय?"

"आत कोरी आहेत."

बायको करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आली होती. तिनं एक कार्ड उघडलं, उलटं केलं, पुन्हा उघडलं. "यात छापायचं राहून गेलं वाटते," ती म्हणाली. "दुकानदार बदलून देत नाही का?"

ग्रीटिंग म्हणजे काय हे नागभीडला शिकवायला नको. ऐंशी-नव्वदच्या दशकात डिसेंबर लागला की पुस्तकांच्या दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळ्या ताणल्या जायच्या आणि त्यांवर कार्डं वाळत घातल्यासारखी लटकायची. गुलाबाची फुलं, हात जोडलेली बाई, तेवती समई, सिनेमातल्या नट्या, क्रिकेटवाले, आणि तालुक्यात कुणीही आयुष्यात न पाहिलेल्या बर्फातलं कौलारू घर. महागातलं कार्ड उघडलं की आतून ट्यँव ट्यँव वाजायचं आणि मिटल्यावरही थांबायचं नाही. आत चार ओळी इंग्रजी छापलेली असायची. ती पाठवणारा वाचत नसे आणि घेणाराही. पाकीट चिकटवायचं नाही, नुसती जीभ आत खुपसायची, कारण उघड्या पाकिटाला 'बुक पोस्ट' म्हणून कमी पैशांचं तिकीट लागे. त्या वाचलेल्या पैशांच्या बदल्यात गावातल्या कुणाचं कुणाशी काय चाललंय हे टपाल हाताळणाऱ्या प्रत्येकाला कळे. हा व्यवहार दोन्ही बाजूंना परवडत होता.

पत्रांचा आणि विमानांचा संबंधही आम्हाला नवा नाही. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तिचं नाक नागपूर होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशी चार दिशांची चार विमानं मध्यरात्री नागपुरात उतरायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या घरी. म्हणजे साऱ्या देशाच्या शुभेच्छा रोज रात्री आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर एकमेकींना भेटत होत्या. तिथून पुढं आमच्या वाट्याचा रस्ता मात्र लहान गाडीचा.

लहान गाडी म्हणजे नागपूर-नागभीड नॅरोगेज. अडीच फुटांचे रूळ, १९०८ साली आलेली. भाच्याचं डेटन हे राइट बंधूंचं गाव. सायकलचं दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी विमान केलं आणि याच १९०८ साली ते अमेरिकेच्या लष्कराला उडवून दाखवलं. दुसऱ्या वर्षी लष्करानं ते तीस हजार डॉलरला घेतलं. जगातलं ते पहिलं लष्करी विमान. म्हणजे डेटनवाले लष्करासाठी उडू लागले आणि नागभीडवाले रुळावर बसू लागले ते एकाच वर्षी. पुढं त्यांनी वेग वाढवला, आम्ही नाही. आमची गाडी त्याच चालीनं एकशे अकरा वर्षं चालली आणि २०१९च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजसाठी बंद झाली. तेवढ्या काळात डेटनच्या संग्रहालयात किती विमानं निवृत्त होऊन बसली असतील, मोजा.

तर, बारा कार्डं. भाचा परत गेला आणि मी चष्मा लावून एकेक पाहायला बसलो. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत प्रत्येकाची कुंडली होती. 'प्रायोगिक' म्हटलं की मला विमान आठवत नाही, नाटक आठवतं. पुण्यामुंबईकडं प्रायोगिक नाटक म्हणजे जे बारा माणसांनी पाहिलं आणि बाराशे माणसं पाहिलं म्हणून सांगतात. आमच्या झाडीपट्टी रंगभूमीला ही चैन नाही. दिवाळी ते होळी वडशाच्या कंपन्या गावोगाव हिंडतात. रात्री पडदा वर जातो तो पहाटेला खाली येतो. समोर तट्ट्यांच्या मांडवात घोंगडी, पोट्टे, म्हाताऱ्या, चिवड्याच्या पुड्या घेऊन अख्खा गाव. दुसऱ्या अंकात नाटक पडलं तर ते सांगायला समीक्षक लागत नाही. पण या कार्डांवरच्या विमानांचं नशीब पुण्यामुंबईच्या नाटकांसारखं होतं. पैसा सरकारचा, प्रयोग सात किंवा बारा, आणि नंतर सत्तर वर्षं फोटो.

अमेरिकेत विमानाच्या नावाआधी 'एक्स' लावलं की ते प्रायोगिक. आमच्याकडं एक्स म्हणजे माजी. एक्स आमदार, एक्स सरपंच, एक्स मिलिटरी. आधी मला हा फरक मोठा वाटला होता. बारा कुंडल्या वाचून झाल्यावर तो उरला नाही.

पहिलं कार्ड खपलं ते मार्गशीर्षात, मागच्या गल्लीतल्या लग्नात. आहेराच्या पाकिटाऐवजी मी पाचशे एक रुपये त्या कार्डात घातले. कार्ड मी मुद्दाम निवडलं होतं. १९५५ साली उडालेल्या त्या विमानाचं सरकारी नाव एक्सएफ-८४एच, पण ते जिथं उभं असायचं तिथले लोक त्याला 'थंडरस्क्रीच' म्हणायचे; म्हणजे गडगडाट आणि किंकाळी एकाच तोंडातून. त्याच्या पंख्याची टोकं जमिनीवर नुसतं उभं असतानाही आवाजाच्या वेगापुढं फिरायची. आवाज चाळीस किलोमीटरवर ऐकू जायचा. नागभीडात सुरू केलं असतं तर ब्रह्मपुरीच्या माणसानं दार उघडून पाहिलं असतं. जवळ काम करणाऱ्यांची डोकी दुखायची, मळमळायचं, माणसं आडवी व्हायची. दोन विमानं मिळून बारा उड्डाणं झाली. एका वैमानिकानं एकदा उडवलं आणि पुन्हा म्हणून त्यात बसायला नकार दिला.

हे सगळं मी कार्डाच्या आत सुवाच्य अक्षरांत लिहिलं आणि खाली 'आपल्या वरातीस हार्दिक शुभेच्छा' असं लिहून सही केली. आदल्या रात्री त्यांच्या डीजेनं आमच्या कपाटातली काचेची बरणी खाली आणली होती. टोमणा पोचला की नाही हे पाहायला मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम पानठेल्यावर गेलो. डीजेवाला पोट्टा तिथंच खर्रा घोटत उभा होता. नवरदेवानं त्याला कार्ड दाखवलं होतं.

"गुरुजी," तो आदरानं म्हणाला, "चाळीस किलोमीटर? ह्याले बास कोणत्या कंपनीचा हाये?"

शेपटीवरचं विमान आमच्या निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांना गेलं. त्याचं नाव पोगो. जहाजावर जागा कमी, धावपट्टीला वाव नाही, म्हणून अमेरिकन नौदलानं असं विमान मागितलं की जे उभ्यानं वर जाईल, वर आडवं होईल आणि काम आटोपलं की पुन्हा उभं होऊन शेपटीवर उतरेल. १९५४च्या नोव्हेंबरात हे सगळं एकदा यथासांग झालंही. वर जाणं अवघड नव्हतं. गोची उतरण्यात होती, कारण वैमानिकाचं तोंड आभाळाकडं आणि जमीन पाठीमागं. त्यानं खांद्यावरून मान वळवून मागं पाहायचं आणि बेताबेतानं स्वतःला खाली सोडत आणायचं. पेन्शनच्या कागदांसाठी पंचायत समितीच्या पायऱ्या उतरणाऱ्या कुठल्याही माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. मी तसं आत लिहिलं, मुख्याध्यापक सद्गदित झाले, आणि त्यांनी कार्ड फ्रेम करून बैठकीत लावलं.

पंधरा दिवसांनी चहाला गेलो तर फ्रेम आडवी टांगलेली. उभं विमान बरं दिसत नाही, पाहुणे विचारतात, म्हणून सुनेनं फिरवून लावलं होतं. विमान छान सरळ झालं होतं. शेजारी उभी असलेली माणसं तेवढी भिंतीला पाय लावून हवेत आडवी पडली होती, हाताची घडी तशीच.

परातीचं कार्ड सरपंचांना. ती परात म्हणजे कॅनडातल्या एका कंपनीनं अमेरिकेच्या पैशातून केलेली उडती तबकडी, ॲव्हरोकार. अठरा फूट व्यासाची. बोलणी सुरू झाली तेव्हा आवाजापेक्षा वेगानं जाण्याची भाषा होती. प्रत्यक्षात ती जमिनीवरून तीनेक फूट वर आली की थाळी भोवळ येऊन फिरते तशी डगमगायला लागे. वेग ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे नागभीडहून सुटलेल्या लालपरीच्या आसपास. १९६१ साली पैसा थांबला. निवडून आल्याबद्दल मी हे कार्ड दिलं तेव्हा माझ्या मनात काही खवचटपणा नव्हता असं म्हणता येणार नाही. सरपंचांनी बराच वेळ फोटो पाहिला.

"शेवटी उडलं किती म्हनता?"

"तीन फूट."

"तीन फूट काही कमी नाही जी," ते गंभीरपणे म्हणाले. "मागच्यानं पाच वर्षांत बोटभर नाही उचललं."

ज्या कार्डाची मला सगळ्यात जास्त काळजी होती ते म्हणजे अंड्याचं. त्याचं नाव गॉब्लिन. याची कल्पना अशी की, लांब पल्ल्याच्या मोठ्या बॉम्बफेकी विमानाला राखण लागते आणि राखणीची लहान विमानं एवढ्या लांब जाऊ शकत नाहीत. मग राखणदाराला मोठ्याच्या पोटातच ठेवायचं! हे जेमतेम पंधरा फुटांचं, म्हणजे बैल जुंपलेल्या बंडीएवढं लढाऊ विमान घडी घालून पोटात बसवायचं. शत्रू दिसला की खाली सोडायचं, त्यानं भांडून यायचं आणि नाकावरचा आकडा वरच्या दांडीला अडकवून पुन्हा आत. चाकं दिलीच नव्हती. खाली उतरायचं कारणच काय? ऑगस्ट १९४८ मध्ये पहिल्यांदा सोडलं तेव्हा परत येताना आकडा हुकला, वरची काच फुटली आणि बिचारं पोटावर घसरत वाळलेल्या तळ्यात उतरलं. सगळी मिळून सात उड्डाणं, दोन तास एकोणीस मिनिटं. त्यातल्या तीनच वेळा ते परत आकड्याला लागलं.

मी हे सगळं वाचून दाखवल्यावर बायको म्हणाली, "मोठ्याच्या पोटात राहायचं, तिथंच खायचं-प्यायचं, बाहेर भांडून आत यायचं. हे तर घरजावयाचं विमान होय."

झालं. आता ते कार्ड कुणालाच देता येईना. आमच्या ओळखीत घरजावई तीन. तिघेही माझ्यापेक्षा अंगानं थोराड. बारशाला द्यावं तर तिथं एखादा असायचाच. शेवटी बायकोनंच तोड काढली. तिच्या बहिणीच्या सुनेला मुलगी झाली होती. फोटोतलं विमान आकड्याला टांगलेलं, वरती दांडी, खाली गोल गरगरीत पोट. "पाळणा आहे," ती म्हणाली आणि आत 'बाळास अनेक आशीर्वाद' असं लिहून मोकळी झाली. तिकडून निरोप आला की कार्ड फार गोड आहे, पण बाळाचं नाक कुणासारखं ते कळत नाही.

त्या मानानं लाकडी विमानाचा प्रश्न चटकन सुटला. हे सैनिक वाहून नेण्यासाठी ह्यूज नावाच्या धनवानानं बांधलेलं, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३२० फूट, आणि सगळं लाकडाचं, कारण युद्धात धातू मिळेना. युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर, २ नोव्हेंबर १९४७ रोजी, ते पाण्यावरून सत्तर फूट वर उठलं, मैलभर गेलं, खाली बसलं आणि पुन्हा कधी उठलं नाही. आमचा जिल्हा लाकडाचा, म्हणून हे मी आरामशीनवाल्या मित्राला नववर्षाचं दिलं. त्यानं फक्त एकच विचारलं, "लाकूड कोणतं?" मी म्हटलं, बर्च. त्यानं मान हलवली. "तिथंच घोळ झाला. अयोध्येच्या मंदिराच्या दारांले बल्लारपुरातून सागवान गेलं. ह्याले कोणी सांगतलं नसन."

एक धिरड्यासारखं गोल विमान होतं, व्ही-१७३. ते १९४२ साली बरंच बरं उडालं होतं आणि उडताना पाहून लोक घाबरले होते. ते डोसेवाल्याला दिलं. त्यानं गल्ल्यावर चिकटवलं. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही. बाकीची अशीच गेली. एक तर उंदरानं नेलं.

एव्हाना पानठेल्यावर हा विषय रोजचा झाला होता. माणसं येताजाता विचारायची, "गुरुजी, आज कोणतं पडलं?" तिथं एक सर्वज्ञ असतात, तसे प्रत्येक पानठेल्यावर असतात. ते म्हणाले, "हे गोरे काय सांगतात आपल्याले? आपल्या तळपद्यांनी १८९५ मधीच मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं." ही गोष्ट मलाही ठाऊक आहे. शिवकर बापूजी तळपदे, विमानाचं नाव मरुत्सखा. सांगितली जाते फार, हाती लागत नाही काही. ज्या वैमानिकशास्त्राचा या गोष्टीत हवाला देतात त्यातली विमानं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी १९७४ साली गणितानं तपासली आणि ती उडणारी नाहीत असं सांगितलं. मी एवढं सगळं बोललो नाही. नुसतं म्हटलं, "फोटो असेल तर आणा. कार्ड छापू."

"आन् आपल्या तालुक्यात काहून नाही काही प्रायोगिक?" खर्रेवाल्यानं विचारलं.

आहे की. याच नागभीड तालुक्यातलं नांदेड. (नांदेड म्हटलं की सगळ्यांना गोदावरीकाठचा जिल्हा आठवतो, भाचाही एकदा फोनवर तोच नकाशा लावून बसला होता.) तिथले दादाजी खोब्रागडे. १९८३ साली त्यांना धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, मग त्याच्या पुढच्या वर्षी, मग त्याच्याही. शेवटी जो बारीक, सुवासिक तांदूळ निघाला त्याला नावच नव्हतं. बाजारात व्यापाऱ्यानं तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून ठेवून दिलं, एचएमटी. आज विदर्भात पंगतीला 'एचएमटी आहे' म्हटलं की पाहुणा पुढचं विचारत नाही. या प्रयोगाला सरकारी पैसा नव्हता, आधी एक्स नव्हतं, आणि पहिल्या लोंबीचा फोटो कुणी काढला नाही. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हातून दादाजींना पुरस्कार मिळाला. कलामही तरुणपणी बंगळुरूला एका प्रायोगिक यानावर होते. जमिनीपासून किंचित वर तरंगणारं होव्हरक्राफ्ट, नाव नंदी. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्यात बसून फिरले, खूश झाले, आणि पुढं ते अडगळीत पडलं. शंकरपटातला आमचा नंदी याहून वर उडतो, हे त्या दिवशी दादाजींनी त्यांना सांगितलं असतं तर कलाम खळखळून हसले असते असं मला उगाच वाटतं. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्या नावाचं कार्ड मी कुठं पाहिलं नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. बारा कार्डांत एकही विमान आपलं नव्हतं. आणि आपल्याकडं तर खरं, उडालेलं, लढलेलं आहे! एचएफ-२४, नाव मरुत. कर्ट टँक नावाच्या जर्मन विमानरचनाकाराला १९५६ साली बोलावून बंगळुरूला घडवलेलं. आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर करून डाकोटाच्या मागं बांधून पाहिलं, मग १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरं विमान उडवलं. दिसायला इतकं देखणं की आजही मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ते उभं आहे तिथं पोरं आधी त्याच्याकडं धावतात. दुखणं एकच होतं. आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणाऱ्या अंगाला तेवढं इंजिन मिळालं नाही. मागच्या टोकाला जास्तीचं इंधन ओतून आगीचा लोट काढला की विमान झेपावतं; त्याला आफ्टरबर्नर म्हणतात. ब्रिटिशांचं तसं इंजिन व्हायचं होतं, ते पुढं झालंच नाही. कर्ट टँकचं विमान शेपटीत आग नसल्यामुळं मागं पडलं. तरी १४७ झाली, आणि १९७१च्या युद्धात त्यांनी राजस्थानच्या वाळवंटात चोख काम केलं. अशा विमानाचं ग्रीटिंग नागभीडातून निघायला हवं, असं मी पहाटे चारच्या सुमारास ठरवलं.

सकाळी फ्लेक्सवाल्याकडं गेलो. आता गावात शुभेच्छा म्हणजे फ्लेक्स. कार्डं छापणारा तोच. त्याला मोबाइलवर विमानाचा फोटो पाठवला, कागदावर नाव लिहून दिलं: 'मरुत, १९६१'. बारा प्रती, घडीचं कार्ड, आत कोरं.

"कोरं काहून?" तो म्हणाला.

"तशीच पद्धत आहे."

"बरं. कधी पायजे?"

"चैत्रात मिळालं तरी चालेल."

'मरुत' आणि 'चैत्र' हे दोन शब्द फ्लेक्सवाल्यासमोर एका दमात उच्चारू नयेत. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यानं गठ्ठा घरी आणून दिला. कार्डावर मधोमध, शेंदरी, उड्डाण करणारा मारुती. एका हातात गदा, दुसऱ्यावर द्रोणागिरी. त्याच्या मागं, थोडं धूसर, एचएफ-२४, जणू त्याच्याकडून वेग शिकत चाललेलं. वर सोनेरी अक्षरांत 'हनुमान जयंतीच्या हार्दिक शुभेच्छा, १९६१'. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, माझ्याच व्हॉट्सॲपवरून उचललेला माझा फोटो, हात जोडलेला, गळ्यात मी कधी न घातलेला भगवा शेला. शुभेच्छुक : गुरुजी मित्र परिवार.

"आत कोरं ठेवलं," त्यानं अभिमानानं सांगितलं.

चूक कुणाची हे ठरवत बसण्यात अर्थ नव्हता. बायकोनं एक देवघरात लावलं. एक मी पाकिटात घालून भाच्याला पाठवलं, वाचणाऱ्याचं कल्याण असो म्हणून पाकीट न चिकटवता. टपाल खिडकीवरच्या माणसानं ते चिकटवायला लावलं. उरलेली दहा कपाटात गेली.

महिन्याभरानं भाच्याचा फोन आला. त्याच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात, उभं आयुष्य विमानांच्या चाचण्यांत गेलेलं. ते चहाला आले असता त्यांना फ्रिजवर लावलेलं कार्ड दिसलं.

"मामा, मागचं विमान त्यांनी पाहिलंच नाही. पुढच्यावर बोट ठेवून म्हणाले, हे कितीदा उडालं?"

"मग तू?"

"म्हटलं, मोठी उड्डाणं दोन. एकदा समुद्रापार, एकदा हिमालयात. वजन किती उचललं विचारलं. मी म्हटलं, डोंगर. मग त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, हे शेपटीवर उतरत असणार. आम्हीही करून पाहिलं होतं, जमलं नाही."

"तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. म्हटलं, शेपटी उतरायला नाही, पेटवायला. त्यावर ते एकदम गप्प झाले. म्हणाले, साली कोणत्या? मी वरचं वाचून दाखवलं. एकोणीसशे एकसष्ट."

पलीकडून त्याचं हसू दाबल्यासारखं ऐकू आलं.

"आणि मामा, जाताना कोपऱ्यातल्या फोटोबद्दल विचारत होते. हा हात जोडलेला माणूस टेस्ट पायलट का म्हणून. मी हो म्हणून सांगितलंय. चालेल ना?"